मिओचे कपडे

लहान मुलांचे जुने कपडे विकत घेऊन पुन्हा विकणारं मादोकाचं दुकान. त्या दुकानात गल्ल्याच्या मागे एक निळा पडदा, पडद्यामागे एक खोली, आणि त्या खोलीत तोकिए हाताकेयामा साडेतीन वर्षं मुलांची नावं पुसत बसली होती.

नोशिरोत मूल पाळणाघरात घालायचं म्हणजे त्याच्या अंगावरच्या आणि पिशवीतल्या एकूण एक वस्तूवर नाव लागतं. चड्डीवर, बनियनवर, रुमालावर, दोन्ही मोज्यांवर. एका मोज्यावर नाव नसलं तर बाई तो मोजा चिठ्ठी लावून घरी पाठवतात. त्यामुळे मुलाला कपडा होईनासा झाला की तो नावासकट बाजारात येतो, आणि दुसऱ्याच्या पोराचं नाव असलेला कपडा पूर्ण किमतीला कोण घेणार? तोकिए स्पिरिट आणि जुना दातांचा ब्रश घेऊन बसायची. नाव निघालं तर कपडा हँगरवर, आणि देणारीला मागून जास्त पैसे. नाही निघालं तर दाराजवळच्या मोठ्या टोपलीत. त्या टोपलीतलं काहीही उचला, शंभर येन. गावातल्या बायका तिला नाववाली टोपली म्हणत, आणि ज्यांना हात आखडून संसार करावा लागे त्या दुकानात शिरल्या की आधी तिथंच वाकत.

तोकिएला या कामात शिकवण्यासारखं काही नव्हतं. नवरा लाकडाच्या वखारीत कामाला होता आणि मुलगा सहा वर्षांचा असताना गेला. मुलाला तिनं शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या पोरांच्या कपड्यांवर वाढवलं. लोक तिला चिक्कू म्हणायचे आणि ती म्हणायची, "पोर तीन महिन्यांत वाढतं. नवा कपडा घेऊन त्याची काय पूजा करायची?" नात झाली तेव्हा तर तिच्या उत्साहाला ऊत आला. सुनेच्या माहेरचे नाकं मुरडत होते, पण सून, चिहारू, वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात राबून दमलेली असली तरी शनिवारी बाळाला पाठीशी बांधून सासूबरोबर मादोकाच्या दुकानात यायची.

"आधी गुडघे बघ," तोकिए शिकवायची. "मग उलटं करून शिवण बघ. इलॅस्टिक ताणून सोड, ढिम्म राहिलं तर ठेवून दे. आणि वास घे. कपाटात कुजलेला कपडा डोळ्यांना फसवतो, नाकाला नाही."

"आई, तुम्ही स्वेटर घेताय की मासा?" चिहारू हसायची.

"माशाला एवढं बघत नाही मी. मासा एका जेवणात संपतो."

नातीचं नाव कोतोने. ती वर्षाची झाली आणि पाळणाघरात जायला लागली, तेव्हा तिच्या सगळ्या वस्तूंवर नावं तोकिएनंच घातली. अक्षर तिचं सुरेख. शाळेत तेवढ्या एकाच गोष्टीसाठी तिचं कौतुक झालं होतं.

पुढं जे झालं त्यात नवीन काही नाही. मुलगा, तात्सुरो, ट्रक चालवायचा. गोळ्यांच्या जुगाराच्या यंत्रापुढं बसायला लागला, मग ट्रक सुटला, मग खोटं बोलणं सुरू झालं. कोतोने तीन वर्षांची असताना घटस्फोट झाला. मूल आईकडे गेलं. तिथं मूल एकदा एकाकडे गेलं की दुसऱ्या बाजूच्या आजी-आजोबांना कुणी विचारत नाही. ती काही दुष्टाई नव्हे. रीतच आहे. चिहारू जाताना दारातल्या पायरीशी बसून जमिनीला कपाळ टेकवून म्हणाली, "आई, तुमचं काही चुकलं नाही."

"तब्येतीला जपा," एवढंच तोकिए म्हणाली. अधूनमधून येत जा, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण ज्याच्या पायी तिचं घर मोडलं तो आपल्याच पोटचा. कोणत्या तोंडानं म्हणायचं?

चिहारूनं घर घेतलं ते योनेशिरो नदीच्या पलीकडे. सायकलनं वीस मिनिटं. तोकिए एकदाही पूल ओलांडून गेली नाही. तात्सुरो दूर सैतामाला निघून गेला, नव्या वर्षाला फोन करायचा. आणि तोकिएनं मादोकाकडे नोकरी धरली. पेन्शन पुरत नाही असं तिनं सगळ्यांना सांगितलं. ते खरंही होतं. पण खरं कारण असं, की चिहारूला दोन पैसे वाचवायचे तर ती याच दुकानात येणार, हे तिला ठाऊक होतं. तिनंच तर शिकवलं होतं.

आणि चिहारू आली. ऑक्टोबरची पहिली तारीख उलटली, घरोघर उन्हाळी कपडे पेट्यांत गेले आणि लोकरीचे बाहेर निघाले, त्या आठवड्यात. तोकिए पडद्यामागेच थांबली. आवाज ऐकला, घंटी वाजून दार बंद झालेलं ऐकलं, मग मादोकानं गाठोडं आत आणून ठेवलं. वरच्याच झग्याच्या पट्टीवर 'हाताकेयामा कोतोने' असं तिचं स्वतःचं अक्षर होतं. त्यातल्या हाताकेयामावर पट्टी धरून सरळ रेघ मारलेली, आणि वर चिहारूच्या माहेरचं आडनाव.

"मावशी, जेवणाची सुट्टी झाली," तासाभरानं मादोका डोकावून म्हणाली. "अजून पहिलाच कपडा? नाव निघत नाहीये का?"

तोकिए नुसती त्या झग्याकडे बघत होती. मादोका बोलघेवडी असली तरी बिनडोक नव्हती. तिनं पट्टी वाचली. मग म्हणाली, "हवे तर घेऊन जा घरी. मी वहीत नाही लिहीत."

"ठेवून काय करू? नाव निघालं तर तिला चार पैसे जास्त मिळतील." आणि तिनं ब्रश स्पिरिटमध्ये बुडवला. नातीचं नाव तिनं इतकं स्वच्छ काढलं की कुणाला सांगून पटलं नसतं. रडली ती, आणि ते लपवलंही नाही. फक्त कपड्यावर थेंब पडू दिला नाही, डाग राहिला असता.

मादोकाकडून तिला कळलं की चिहारू हँगरकडे फिरकतसुद्धा नाही. नुसती टोपली उपसते आणि जे निघेल त्यात भागवते. त्या वर्षी टोपलीत धड एक कोट नव्हता. नोशिरोत समुद्रावरून डिसेंबरात जो वारा येतो तो हाडं शोधत येतो, आणि पोरीला सकाळी सातला पाळणाघरात पोचायचं असतं.

तोकिएनं आयुष्यात पहिल्यांदा एका लहान मुलीचा नवा कोट विकत घेतला. लाल, जाड, आतून लोकरीचा. घरी नेऊन आठ वेळा धुतला. कोपरं जुन्या टॉवेलानं घासली, बटणांची चमक वाळूनं उतरवली. पण एवढं करूनही तो टोपलीत कसा जाणार? टोपलीत नाववालाच कपडा जातो. तेव्हा तिनं न पुसणाऱ्या शाईचं पेन घेतलं आणि पट्टीवर लिहिलं: मिओ. तिच्या ओळखीत मिओ नावाचं कुणी नव्हतं.

"शंभर येनला?" मादोकानं कोट उलटसुलट केला. "मावशी, अहो, तुम्ही दहा येनचा टोमॅटो दोनदा दाबून बघता!"

"तू गप बस आणि टोपलीत खाली दडपून ठेव. वर ठेवलास तर दुसरीच कुणी उचलेल."

अशी मिओ जन्माला आली. दर जूनला आणि दर ऑक्टोबरला तिचे कपडे टोपलीत पडायचे आणि मादोका ते चिहारू येईपर्यंत तळाशी दाबून ठेवायची. चिहारूही दर हंगामाला होईनासं झालेलं घेऊन यायची, आणि त्यात मागच्या वर्षीचे मिओचे कपडेही असायचे. मिओच्या नावावर रेघ, शेजारी कोतोने. त्या कपड्यांवरून तोकिएला नात कळत गेली. पोर डाव्या गुडघ्यावर पडते. बाही चघळते. पर्सिमॉन खाताना रस गळतो आणि तो डाग काही केल्या जात नाही. एका जूनला पँटची घडी दोन बोटं उसवून लांबवलेली दिसली तेव्हा तोकिएनं ती दोन बोटं जमिनीपासून मोजून भिंतीवर बघितली, आणि पुढची पँट दोन नंबर मोठी आणली. ती फारच मोठी झाली. पोर वर्षभर जमीन पुसणारी पँट घालून हिंडत असणार, म्हणून मग महिनाभर स्वतःला दोष देत राहिली.

कोतोने जरा मोठी झाली तशी दुकानात शिरल्या शिरल्या विचारायची, "मिओचं काही आलंय का?"

"आलंय की!" मादोका सांगायची. "मिओ तुझ्यापेक्षा भराभर वाढते ना."

"ती कोणत्या शाळेत आहे?"

"अं... ती होय... ती लांबच्या शाळेत आहे."

"तिला पण मुळा आवडत नाही?"

"मुळा? मुळा तर ती तोंडातही घेत नाही."

पडद्यामागे तोकिए तोंडावर हात दाबून हसायची. पडदा जमिनीपासून वीतभर वर होता. खालून तिला लहान बूट दिसायचे. साडेतीन वर्षांत तिनं नातीचं तोंड पाहिलं नाही. बूट पाहिले, आवाज ऐकला. पडदा बाजूला केला तर चिहारू पुन्हा या दुकानात यायची नाही, ही तिची भीती. मादोका चिडायची. "भीड भिकेची बहीण, मावशी. भिकेलाच लागाल तुम्ही."

"माझं भिकेचंच चाललंय, आणि बरं चाललंय," तोकिए म्हणायची.

यंदा मार्चमध्येच, हंगाम नसताना, दाराची घंटी वाजली आणि पडद्यामागे तो आवाज आला. हातात गाठोडं नव्हतं, कारण गल्ल्यावर काही ठेवल्याचा आवाज झाला नाही.

"आज मिओचं काही नाही हं," मादोका म्हणाली.

"नाही, आज घ्यायला नाही आले." चिहारूचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. "मी लग्न करतेय. त्यांचं काम तिकडे लांब फुकुओकात असतं. सोमवारी सकाळी निघतोय आम्ही. हिची शाळा तिकडेच सुरू होईल."

"मला जांभळं दप्तर मिळालंय," कोतोने म्हणाली. "नवीन. तिकडच्या आजीनं घेतलं."

पडद्यामागे तोकिएच्या हातातला ब्रश थांबला. पहिलीचं दप्तर आजी-आजोबांनी घ्यायचं असतं. ते तिच्या मनात दोन वर्षं होतं. पण नवं दप्तर टोपलीत कसं टाकायचं, हे तिला सुचलं नव्हतं.

"मिओच्या घरच्यांना एक निरोप द्याल?" चिहारू म्हणाली. "म्हणावं, चार हिवाळे पोरीला थंडी वाजली नाही. मिओच्या नावाचं ते अक्षर मला चांगलं ओळखीचं आहे. त्या अक्षरातली नावं मी आमच्या घरी दोन वर्षं रोज धुतली आहेत."

मादोकानं गल्ल्यावरची वही उघडली आणि तशीच मिटली.

"आणि रविवारी आम्ही दिवसभर घरीच आहोत. सामान बांधून झालंय. मिओच्या घरी कुणी मोठं माणूस असलं आणि सवड असली तर, चहाला या म्हणावं. काही नको, नुसतं या." पडद्याखालून मोठे बूट आणि लहान बूट दोन्ही दिसत होते, आणि त्यांची टोकं पडद्याकडेच होती. तोकिए उठून उभी राहिली. हात पडद्यापर्यंत गेला. तेवढ्यात "नमस्कार," असं म्हणून चिहारूनं वाकून निरोप घेतला असावा, कारण बूट वळले आणि घंटी वाजली.

मादोका पडदा फाडल्यासारखा सरकवून आत आली. "ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"जाताय ना रविवारी?"

"अगं, जाताना सगळेच म्हणतात, या एकदा चहाला म्हणून. म्हणायचंच असतं ते. म्हणून काय उठून जायचं असतं का?"

"पत्ता मिळणार नाही पुन्हा! तुमची सायकल दारात उभी असते, मावशी. तिच्यावर बसून ती दोन वर्षं बाजार करायची. आंधळी आहे का ती? तुम्हालाच सांगत होती, मला नाही."

"मला सांगायचं असतं तर पडदा तिनं सरकवला असता."

"आणि तुम्ही?"

तोकिएनं ब्रश पुन्हा स्पिरिटमध्ये बुडवला. खरं म्हणजे तिला जायचं होतं. इतकं जायचं होतं की त्याचीच तिला लाज वाटत होती. एवढी वर्षं ज्याला तिनं रीत म्हटलं ते सगळं एका चहासाठी सोडून द्यायचं? तिथं नवा नवरा असेल. त्याच्यापुढं पहिल्या नवऱ्याची आई जाऊन बसली तर चिहारूला कसं वाटेल? पोर नव्या घरी निघालीय. तिला नवी आजी आहे, दप्तर घेणारी. दाराशी आलेलं सुख हे आपल्याला दिलेलंच नाही असं समजायची सवय असलेल्या माणसाला कारणं कमी पडत नाहीत.

तरी शनिवारी तिनं आझुकीच्या लाल दाण्यांच्या गोड वड्यांचा डबा आणला. रविवारी पहाटे उठून केस धुतले, राखी रंगाचा चांगला पोशाख घातला, डबा कापडात बांधला. नऊला गेलं तर घाईचं दिसेल. अकराला गेलं तर जेवायला थांबवावं लागेल त्यांना. एकला माणसं जेवून जरा टेकतात. तीनला जाणं बरं. तीन वाजता तिला वाटलं, आता उद्याच्या प्रवासाची गडबड असेल. पाचला अंधारून यायला लागलं आणि तिच्या मनावरचं ओझं एकदम उतरलं, कारण आता जायचा प्रश्नच नव्हता. त्या हलकेपणाबद्दल तिनं स्वतःला पुढं कधीच माफ केलं नाही. बाहेर जायच्या कपड्यांतच ती कोटात्सूत, त्या खालून गरम होणाऱ्या बैठ्या टेबलाखाली, पाय घालून बसली आणि तिथंच झोपली.

सोमवारी दुपारी मात्र तिनं सायकल काढली आणि पूल ओलांडला. आता तिकडे कुणी नव्हतं, म्हणजे कुणाला त्रास व्हायचा नव्हता. घर तरी बघावं, पोर कुठं राहत होती ते.

घर लहान होतं, पत्र्याच्या छपराचं. खिडक्यांना पडदे नव्हते. शेजारचा म्हातारा रस्त्याकडेला उरलेला काळा बर्फ झाडूनं फोडत होता.

"भाड्यानं बघताय का?" त्यानं विचारलं. "आज सकाळीच रिकामं झालं. उत्तरेकडची खोली दमट आहे, आधीच सांगतो."

"माणसं चांगली होती?" तोकिएनं विचारलं.

"चांगली! ती बाई कष्टाळू. आणि ती पोर, बापरे, काय बडबड! काल तर तिनं मला वेड लावलं." म्हातारा हसला. "त्यांच्याकडे कुणी यायचं होतं वाटतं. तिची आजी. बाईनं सामान बांधून झाल्यावर पुन्हा एक खोकं उघडून कप काढले म्हणे. पोर दहा वाजल्यापासून इथं फाटकात उभी. मी म्हटलं, आत जा, वारा आहे. तर म्हणते, मला आजीचं तोंड आठवत नाही, ती चुकून पुढं निघून जाईल. मलाच विचारत होती, काका, आजीला ओळखायचं कसं? मी काय सांगू? म्हटलं, म्हाताऱ्या बाया सगळ्या सारख्याच. मग या रस्त्यानं जी म्हातारी जाईल तिला ती थांबवायची. तुम्ही माझी आजी का? मासेवालीला विचारलं, टपालवाल्याच्या आईला विचारलं. अंधार पडेपर्यंत. शेवटी आईनं उचलून आत नेली."

तोकिएनं सायकलची मूठ घट्ट धरली होती.

"तुम्ही कोण त्यांच्या?" म्हाताऱ्याला आता तिच्या तोंडाकडे बघून काहीतरी वाटलं असावं.

"मी तिची आजी," तोकिए म्हणाली. साडेतीन वर्षांत हे तिनं पहिल्यांदाच कुणाला तरी मोठ्यानं सांगितलं.

म्हाताऱ्यानं झाडू खाली ठेवला. "मग काल कुठं होतात हो?"

"घरीच होते," तोकिए म्हणाली. "दिवसभर घरीच होते."